ग्रुपबाहेरच्या माणसाचे काय?

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये सोसायटीचा ग्रुप असतो, दहावीच्या वर्गाचा असतो, आजोळच्या भावंडांचा असतो, ठरलेल्या लोकलचा असतो, गणेशोत्सव मंडळाचा असतो, मुलांच्या शाळेतल्या पालकांचा असतो आणि ऑफिसचा तर असतोच. यातले बहुतेक ग्रुप त्याने मागून घेतलेले नसतात. कुणीतरी नंबर घेतला आणि त्याला आत घातले. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकेल हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने एप्रिल २०१९ मध्ये दिली. सगळ्यांना न कळवता बाहेर पडण्याची सोय ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. पण मामेभावाने घातलेल्या ग्रुपमधून गुपचूप निघाले, तरी पुढच्या लग्नकार्यात ‘तू ग्रुपवर का नाहीस?’ हा प्रश्न ठरलेला. म्हणून माणूस आत राहतो आणि आतल्या आत चिडत राहतो.

त्याच्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत. सकाळी सहापासून फुलांची चित्रे येतात. एकच निरोप चार ग्रुपवर चारदा येतो. वाढदिवसाला साठ जण एकच केक पाठवतात. मेन्टेनन्सच्या ग्रुपवर साड्यांची जाहिरात येते. निळ्या खुणा दिसल्या, मग उत्तर का नाही, अशी विचारणा होते. न विचारता व्हिडिओ कॉल येतो. पाच मिनिटांचा आवाजी निरोप येतो आणि त्यात कामाचे एकच वाक्य असते. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांचा क्रम चुकला आहे असे मला वाटते. ज्याला आपण सर्वांत जास्त नावे ठेवतो, त्या त्रासाने नुकसान सर्वांत कमी होते. ज्याने खरे नुकसान होते, त्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही. पहिला त्रास ग्रुपमधल्यांना होतो, म्हणून त्याची ओरड होते. दुसरा ज्याला होतो, तो माणूस त्या ग्रुपमध्ये नसतोच.

आधी ‘शुभ सकाळ’चे पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातीही स्मार्टफोन आला. त्यानंतर या चित्रांचा असा पूर आला की भारतातले फोन का अडकतात हे शोधणाऱ्या गूगलच्या लोकांनाही तो सापडला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी ‘फाइल्स गो’ हे ॲप आणले आणि त्यात पुढे अशी चित्रे शोधून पुसण्याची सोय घातली. म्हणजे त्रास जगजाहीर आहे. तरीही मला तो क्षम्य वाटतो. डोंबिवलीच्या जुन्या इमारतीत दोघेच राहणारे आजी-आजोबा, मुलगा घोडबंदर रोडला, मुलगी पुण्याला किंवा परदेशात. आजोबांचे फूल रोज साडेसहाला येते, म्हणजे ते उठले आहेत आणि बरे आहेत, एवढे मुलांना कळते. एखाद्या दिवशी ते आले नाही तर फोन करायला हवा. चित्र पुसायला दोन सेकंद लागतात. त्यासाठी बापाला ‘बाबा, हे पाठवू नका’ असे सगळ्या नातेवाइकांसमोर ग्रुपवर सांगणारा मुलगा मला त्या फुलापेक्षा जास्त खटकतो. सांगायचेच असेल तर घरी बसून सांगावे.

वाढदिवसाचे केक, जाहिराती, आवाजी निरोप हे सगळे याच पंगतीतले. जाहिरातींना तर एक वेगळी बाजू आहे. फराळ, पापड, मसाले, शिवणकाम यांवर घर चालवणाऱ्या बायकांना सोसायटीचा ग्रुप हीच बाजारपेठ असते. आठवड्यातला एक दिवस त्यांना ठरवून दिला की वाद मिटतो. बऱ्याच सोसायट्यांनी तसे केले आहे आणि ते बरे चालते.

लोकलच्या ग्रुपवर गोष्ट थोडी गंभीर होते, कारण तिथे वेळेला किंमत आहे. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या माणसाला सात शब्दांची बातमी हवी असते: गाडी दिव्याला उभी आहे, मागची स्लो पकडा. एम-इंडिकेटर ॲपवरच्या गाड्यांच्या गप्पांची सोय लोकांनी उचलून धरली ती याच गरजेपोटी. त्या सात शब्दांच्या वर-खाली विनोद, राजकारण आणि कुणाला तरी टोमणे येऊन पडले, की कामाचा निरोप वर सरकून जातो. त्याहून वाईट म्हणजे तारखेविना फिरणारे निरोप. गेल्या पावसाळ्यात रुळांवर साचलेल्या पाण्याचा व्हिडिओ या पावसाळ्यात ‘आत्ताचे दृश्य’ म्हणून येतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तशा दिवशी खरा निरोप आणि जुना निरोप यांत फरक करता आला नाही, तर कुणी नको तिथे जाते किंवा जायला हवे तिथे जात नाही. रक्त हवे असल्याच्या निरोपांचेही हेच. रुग्ण केव्हाच बरा होऊन घरी गेलेला असतो किंवा या जगात नसतो, आणि त्याच्या भावाचा फोन अनोळखी माणसे दोन-दोन वर्षे वाजवत राहतात. निरोपाखाली तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायला पाव मिनिट लागते. काम झाले की ‘गरज भागली’ हेही त्याच ग्रुपवर कळवावे.

गर्दीच्या डब्यात आता दुसरा एक प्रकार वाढला आहे. रात्रीच्या कसारा किंवा कर्जत गाडीत मान टाकून झोपलेल्या माणसाचा फोटो काढायचा, त्यावर विनोदी ओळ घालायची आणि पाठवून द्यायचा. बायकांच्या डब्यातले भांडण चित्रित करायचे आणि गाणे लावून रील बनवायची. सकाळी सहाला घर सोडलेली बाई चौथ्या सीटवरून एकदा ओरडली, तर तेवढे दहा सेकंद तिची कायमची ओळख होऊन बसतात. तिच्या ऑफिसात, मुलीच्या शाळेत, गावाला, सगळीकडे. तिला कुणी विचारलेले नसते. ग्रुपबाहेरचा माणूस असा सुरू होतो.

सोसायटीच्या ग्रुपवर तो सर्वांत जास्त भेटतो, म्हणून इथे थोडे थांबावेसे वाटते. पलावासारखी मोठी वसाहत असो, खडकपाड्याची मध्यम सोसायटी असो की नौपाड्यातली चौदा बिऱ्हाडांची जुनी इमारत असो, काही गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत. मेन्टेनन्स थकलेल्या सभासदाचे नाव, फ्लॅट क्रमांक आणि रक्कम ग्रुपवर टाकली जाते. थकबाकी वसूल व्हायलाच हवी, लिफ्ट आणि पाणी त्यावरच चालते. पण त्यासाठी सहकारी संस्थांच्या कायद्यात रीतसर वाट आहे. आधी नोटीस, मग कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडे अर्ज, आणि तिथून वसुलीचा दाखला. ग्रुपवरच्या यादीने वसुली होते असे मानले, तरी ती कशाच्या बळावर होते हे पाहावे. त्या घरातली नववीतली मुलगी खाली खेळायला येईनाशी होते, त्या बळावर. यादी वाचणाऱ्या भाडेकरूला, सूनबाईला, अठरा वर्षांच्या मुलाला ती रक्कम कळण्याचे काहीच कारण नव्हते.

यापुढची पायरी घरकाम करणाऱ्या बायकांची. कुणाच्या घरातून कानातले सापडेनासे झाले की कामवाल्या ताईंचा फोटो ग्रुपवर येतो, खाली सूचना: ‘हिला कामावर ठेवू नका.’ शेजारच्या तीन सोसायट्यांत तो तासाभरात पोचतो. पोलिसांत तक्रार केलेली नसते. कानातले चार दिवसांनी गादीखाली सापडते, आणि सापडल्याचा निरोप मात्र त्या तीन सोसायट्यांत जात नाही. ताई ग्रुपवर नसतात. आपली पाच घरे एकाच दिवशी का सुटली हे त्यांना कुणी सांगतही नाही. चोरीचा संशय असेल तर पोलीस ठाणे आहे. तिथे तक्रार लिहून द्यावी लागते, सही करावी लागते, आणि ती खोटी निघाली तर जाब द्यावा लागतो. ग्रुपवर यातले काहीच लागत नाही, म्हणून तिथे आरोप करणे सोपे असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे आणि तो फ्लॅटमालकाच्या बदनामीपुरता नाही. वॉचमन खुर्चीत डुलकी घेतानाचा फोटो, डिलिव्हरी देणारा मुलगा लिफ्टमध्ये उभा असतानाचा सीसीटीव्हीचा तुकडा, एकट्या राहणाऱ्या भाडेकरू मुलीकडे रात्री कोण आले याची ‘सहज माहिती’, हे सगळे याच जातीचे. सीसीटीव्ही सोसायटीच्या सुरक्षेसाठी बसवला, त्याचा खर्च सर्वांनी दिला. त्यातले चित्र सेक्रेटरीच्या फोनवरून बाहेर जाणे हा विश्वासघात आहे.

अर्ध्या चित्राचा धोका कल्याणने जुलै २०२५ मध्ये पाहिला. कल्याण पूर्वेच्या एका खासगी दवाखान्यात स्वागतकक्षातल्या तरुणीला एका माणसाने लाथ घातली, केस धरून ओढले. ते चित्रण काही तासांत राज्यभर गेले. त्यावर भाषा आणि प्रांत यांचा वाद पेटला. मग आधीची दृश्ये बाहेर आली. त्यांत त्या तरुणीने रुग्णासोबतच्या एका महिलेला थप्पड मारल्याचे दिसत होते. पुरुषाने केलेल्या मारहाणीचे समर्थन त्याने होत नाही, ती निंद्यच होती. पण पहिले चित्रण पाठवताना ज्यांनी दोन्ही बाजूंच्या घरांविषयी आणि जातकुळीविषयी मते दिली, त्यांतल्या फार थोड्यांनी दुसरे पाहून ती मागे घेतली. चित्र कुठे सुरू होते आणि कुठे तोडले आहे हे ठाऊक नसेल, तर त्यावर मत देण्याची घाई कशासाठी?

मृत्यूच्या बातमीत ही घाई असह्य होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे मारले गेले. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये भर गर्दीच्या वेळी लोकलमधून प्रवासी खाली पडले, त्यातले चार जण त्याच दिवशी गेले. दोन्ही दिवशी या पट्ट्यातल्या हजारो घरांनी आपापल्या माणसाला फोन लावले. अशा वेळी कुणाच्या तरी फोनवर कुणाचे तरी आप्त रुळाशेजारी पडलेले दिसण्याची कल्पनाच करवत नाही, पण असली दृश्ये फिरतात आणि आपण ती पुढे पाठवतो. पाठवणारा सांगतो की लोकांना कळावे म्हणून पाठवले. लोकांना शब्दांतही कळते. घरच्यांना बातमी पोलिसांकडून किंवा आपल्या माणसाकडून मिळायला हवी, दुसरीतल्या वर्गमैत्रिणीच्या स्टेटसवरून मिळू नये. लहान प्रमाणात हे प्रत्येक कुटुंबात होते. आजोबा अतिदक्षता विभागात असतात, डॉक्टरांनी काहीच सांगितलेले नसते, आणि दूरच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू होते. जवळच्यांनी स्वतः लिहीपर्यंत इतरांनी थांबावे, हा नियम इतका साधा आहे की तो सांगावा लागतो याचेच दुःख होते.

आजाराचेही तसेच. मार्च-एप्रिल २०२० मध्ये करोनाबाधितांची नावे, इमारती, मजले ग्रुपवरून फिरले. बाधितांची किंवा विलगीकरणातल्यांची नावे आणि त्यांचा परिसर समाजमाध्यमांवर पसरवू नका, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये लेखी सांगावे लागले. पुढे त्याच ग्रुपांनी ऑक्सिजन शोधला, खाटा शोधल्या, विलगीकरणातल्या घरांच्या दाराशी डबे ठेवले. साधन तेच होते, माणसेही तीच होती.

अफवेचा शेवट कुठे होतो हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणारे लोक होते. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचवले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रणात मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेताना दिसत. ते कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतले होते. मूल परत आणून देण्याचा आणि पाटी दाखवण्याचा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्यात मेलेल्या पाचांपर्यंत तो निरोप बहुधा कधी पोचलाच नसेल. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला, त्यामागेही चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवा होत्या.

राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. कंपनीच्या सांगण्यानुसार पहिल्या मर्यादेने पुढे पाठवण्याचे प्रमाण एकूण २५ टक्के घटले आणि दुसरीने फार फिरणारे निरोप ७० टक्क्यांनी कमी झाले. आकडे तिचेच आहेत हे लक्षात ठेवून वाचावेत. तरी त्यातून एक गोष्ट दिसते. बोटाला थोडा अडथळा झाला की बरेच जण पाठवण्याचा विचार सोडून देतात. म्हणजे त्यातले बरेचसे पाठवायची गरज मुळात नव्हतीच.

मग कायद्याने हे सगळे का बांधून टाकू नये? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथे नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने ‘लाइक’ केले, आणि दोघींना अटक झाली. पहिलीच्या नातेवाइकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेने देश हादरला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रासदायक’ लिहिणे हाच गुन्हा मानला, तर बलवानाला त्रास झाला की दुर्बळ तुरुंगात जातो. तो प्रयोग आपण करून पाहिला आहे आणि तो पुन्हा नको.

ॲडमिनवर सारे ढकलावे तर तेही टिकत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की समान हेतू दिसत नसेल, तर सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. माणसाला काढणे आणि घालणे एवढीच तेव्हा त्याची सत्ता होती. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्यातून वगळला आहे. तो वगळायलाच हवा होता, नाहीतर घरचे अल्बमही सरकारी कक्षेत आले असते. पण याचा अर्थ असा की भाचीचे दहावीचे गुण, पुतण्याचे मोडलेले लग्न, मावशीचा तपासणी अहवाल ग्रुपवर टाकायचा की नाही, हे कुठलाही अधिकारी येऊन ठरवणार नाही. ते पाठवणाऱ्यावरच आहे.

राजकारणाबद्दल थोडक्यात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ठाण्यात वर्षानुवर्षांच्या मैत्रीचे ग्रुप फुटले. मतभेद व्हावेत, जोरदार व्हावेत. ठाण्याच्या कट्ट्यांवर ते नेहमी होत आले आहेत. कट्ट्यावर मात्र समोरच्याचा चेहरा दिसतो, आवाज चढला की तिसरा माणूस हात धरून खाली बसवतो. फोनवर रात्री अकराला हे काम करणारे कुणी नसते, म्हणून अशा वादात उत्तर सकाळी द्यावे. सकाळपर्यंत बहुतेक उत्तरे द्यावीशी वाटत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वर्तमानपत्रांत वाचकांची पत्रे छापून येत तेव्हा मधे संपादक बसलेला असे. ‘ठाणे वैभव’कडे कुणी शेजाऱ्याचे नाव घालून चोरीचा आरोप पाठवला असता, तर तो छापून आला नसता. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लावायलाही सेक्रेटरीची सही लागे. आज ती सही प्रत्येकाच्या अंगठ्यात आली आहे, आणि ती करण्यापूर्वी मला एकच गोष्ट तपासावीशी वाटते: हा निरोप ज्याच्याविषयी आहे तो माणूस या ग्रुपमध्ये आहे का, आणि नसेल तर त्याच्या तोंडावर हे मी बोलेन का? कामवाल्या ताईंसमोर उभे राहून जे बोलण्याची हिंमत नाही, ते त्यांच्या फोटोखाली लिहू नये.

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर चेअरमन आणि सेक्रेटरींनी एक विषय घ्यावा: थकबाकीदारांची नावे, घरकाम करणाऱ्यांचे आणि सुरक्षारक्षकांचे फोटो, सीसीटीव्हीतली दृश्ये आणि कुणाच्या आजारपणाची माहिती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली जाणार नाही. ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. तुमच्या सोसायटीत तो सूचक तुम्ही व्हा.